चौकोनी खड्डा

"लांब नका खांदू. चौकोनी घ्या, चांगला छातीएवढा खोल," सिद्धाराम म्हणाला आणि कोंडीरामने कुदळ थांबवली.

पंचवीस वर्षं चर्चच्या दफनभूमीतले सगळे खड्डे कोंडीरामनेच घेतले होते. बायकोचा तेवढा दुसऱ्याला कसा द्यायचा?

सिद्धाराम तिचा, शिवम्माचा, धाकटा भाऊ. तिने ख्रिस्ती माणसाशी लग्न केलं, बाप्तिस्मा घेतला, तेव्हापासून अठ्ठावीस वर्षं त्याने इकडे तोंड दाखवलं नव्हतं. आज पहाटे कर्नाटकातल्या आळंदहून मोटारसायकलवर आला.

"आमच्या लिंगायतांत बसवून पुरतात. अक्कालाबी बसवू."

कोंडीरामने फादरांकडे बघितलं. फादर केरळचे, मराठी पुस्तकातून शिकलेले. "बसवा," ते म्हणाले. "प्रभूकडे बसून गेलेलं चालतं."

"उद्या समदेच बसायला मागतील," चर्च कमिटीचे कृष्णराज कुरकुरले.

"मागू द्या. जागा कमी लागेल."

फादरांचा हा मराठीतला पहिला विनोद. हसलं कुणी नाही, पण नकोही म्हणालं नाही.

चर्चच्या ओट्यावर शिवम्माला मांडी घालून बसवलं. सिद्धारामने तिच्या कपाळाला विभूती लावली, शेजारी बायकांची जपमाळ चालू होती. कुणाचं कुणाला अडलं नाही.

"दाजी, जरा पानी द्या," सिद्धाराम म्हणाला.

दाजी. कोंडीरामने एकाऐवजी दोन तांबे आणले.

तिला खाली उतरवलं तेव्हा सिद्धारामही खड्ड्यात उतरला. ताठरलेली डाव्या हाताची बोटं त्याने चोळून चोळून उघडली, तळहात वर करून मांडीवर ठेवला.

"दाजी, तिचं इष्टलिंग आना. जपून ठिवलं असंल की तिनं. हातात द्यावं लागतंय, त्याच्याबिगर बसवून काय उपेग?"

लग्नाच्या आदल्या दिवशी तिच्या गळ्यातली ती इष्टलिंगाची चांदीची डबी कोंडीरामने स्वतः काढली होती. तेव्हाच्या म्हाताऱ्या फादरांनी काढायला सांगितलंसुद्धा नव्हतं. त्यालाच भावकीला दाखवायचं होतं, पोरगी पुरती आपली झाली म्हणून. नंतर भाकरी थापताना मध्येच शिवम्माचा हात गळ्याशी जायचा आणि तिथं पीठ लागायचं. पुढं पुढं तेही थांबलं.

"तेरणा नदीत टाकलं," तो म्हणाला.

"कुनी?"

"म्या."

फादरांनी वाकून तिच्या हातात ठेवायला आपली जपमाळ पुढे केली. सिद्धारामने ती घेतली नाही. कोंडीरामने त्याला वर घ्यायला हात दिला. तो पलीकडे वळला आणि परक्या माणसाचा, कृष्णराजांचा, हात धरून वर आला.

फादरांनी प्रार्थना सुरू केली. पहिली माती नवऱ्याची. मूठ भरून कोंडीराम कडेला आला. उघड्या हातावर पडू नये म्हणून त्याने ती तिच्या पायांकडे टाकली.

माती तळहातावरच पडली.