दमट वाळू

वाळू भाजणं हे काही कारागिराचं काम नव्हे, असं शेडमधले फिटर म्हणत. काबासो वाद घालत नसे. एकवीस वर्षं तो तेच करत आला होता. नदीची वाळू लोखंडी पत्र्यावर पसरायची, खाली लाकडं पेटवायची, वाळू मुठीतून पाण्यासारखी सुटू लागली की चाळून इंजिनाच्या पेटीत भरायची. पुढे घाट होता. घाटात रूळ ओले असले की इंजिनाची चाकं जागच्या जागी गरगरतात आणि गाडी तसूभर हलत नाही. मग ड्रायव्हर खटका दाबतो, नळीतून वाळूची बारीक धार चाकाखाली पडते आणि चाक रूळ धरतं. वाळू कोरडी मात्र हवी. दमट असली तर न्शिमाच्या, मक्याच्या घट्ट उकडीच्या, गोळ्यासारखी नळीतच बसते.

त्या आठवड्यात शेडमध्ये लाकडाची ढलपीसुद्धा नव्हती. लाकडं कुठे गेली हे एकट्या काबासोला ठाऊक होतं.

म्हातारे उपदेशक लुपिया वारले होते. लुपिया ख्रिस्ती देवळात उभे राहिले की उपदेश आधी गळ्यातून यायचा. एक ओळ ते म्हणत, बायका ती उचलून धरत. मग मध्येच थांबून एखादी गोष्ट, आणि गोष्ट रंगात आली की पुन्हा तीच ओळ. पण गोष्टीनंतर ती ऐकताना अंगावर काटा यायचा. काबासोची बायको गेली तेव्हा तो देवावर रुसून घरात बसला होता. लुपियांनी त्याला समजावलं नाही, की रागावले नाहीत. तीन संध्याकाळी त्याच्या दारात बसून ते नुसते गायले. चौथ्या दिवशी काबासो उठून कामावर गेला.

अशा माणसाच्या सुतकाला रिकाम्या हाताने जायचं? मयताच्या घरापुढे पुरुषांनी चार दिवस शेकोटीभोवती बसायचं आणि येताना प्रत्येकाने लाकूड आणायचं, ही रीतच. तीन आठवड्यांच्या पावसाने गावातलं लाकूड भिजून लगदा झालं होतं. कोरडं होतं ते फक्त शेडमध्ये. काबासोने तीन हातगाड्या भरून नेलं. दुसऱ्यांची लाकडं धुमसत राहिली, त्याची धडधडून पेटली.

"लुपियाबाबांच्या गळ्यासारखं आहे रे तुझं लाकूड!" कोणीतरी म्हणालं. "एकदा लागलं की थांबत नाही."

काबासोचे डोळे भरून आले. वाळू काय, उन्हात वाळेल, असं त्याने मनाशी ठरवलं. ऊन काही पडलं नाही.

गुरुवारी सकाळी ड्रायव्हर जेरे इंजिनावर चढला.

"काय रे माकडखाऊ, भरलीस पेटी?"

"भरली, उंदीरखाऊ. तुझ्या न्याहारीसाठी दोन उंदीरही टाकलेत आत."

जेरे न्गोनी जमातीचा, काबासो बेम्बा. वाडवडील एकमेकांशी लढले होते, म्हणून नातवंडांना चिडवायची मुभा. टोमणा मारायचा राहिला तर उलट राग यायचा.

"वाळू कोरडी आहे ना?" जेरेने विचारलं. "धो धो पाऊस परवडला, रूळ धुऊन निघतात. ही भुरभुर म्हणजे रुळाला साबण."

"कोरडी आहे," काबासो म्हणाला.

दहा मिनिटांनी चार बायका घोंगडीच्या झोळीत त्याच्या लेकीला, म्वान्साला, घेऊन फलाटावर आल्या. ती कालपासून अडली होती. मूल आडवं होतं. दवाखाना घाटावर, आणि रस्त्यावरचा पूल परवाच वाहून गेलेला.

"नुसते बघता काय, हात लावा!" सुईण ओरडली. तिला सगळे चोलाची आई म्हणत.

त्याने लेकीला शेवटच्या, गार्डाच्या डब्यात निजवलं.

"बाबा, तुम्ही येताय ना?"

"इंजिनावर बसतो. मी पुढे असलो म्हणजे गाडी पळेल."

"तुम्ही ढकलणार वाटतं," म्वान्सा म्हणाली आणि हसता हसता कळवळली.

काबासो इंजिनापाशी येऊन उभा राहिला. आता सांगितलं तर जेरे गाडी काढायचा नाही. वाळू भाजायची तर अर्धा दिवस, आणि लाकूड? ते जळून गेलेलं. न सांगावं तर... कदाचित भुरभुर थांबेल. ज्याने समुद्र फाडून कोरडी वाट केली, त्याला पेटीभर वाळूचं काय जड आहे? मनातल्या मनात त्याने हात जोडले आणि गप्प राहिला.

घाटाच्या मध्यावर चाकं गरगरू लागली. जेरेने जोर कमी केला, पुन्हा हळूच वाढवला, खटका दाबला. काहीच नाही. खाली उतरून त्याने नळीवर हातोडा मारला. एक ओला गोळा रुळावर पडला.

जेरेने तो बोटांनी चुरला. "तुला माहीत होतं."

"हो."

"आणि सांगितलं नाहीस? अरे, मालाने भरलेल्या आठ वाघिणी आहेत मागे! त्या खालीच सोडल्या असत्या, एकटा गार्डाचा डबा घेऊन गेलो असतो. वाळूचा कणही लागला नसता."

एकवीस वर्षं काबासोने फक्त वाळूचा विचार केला होता. ओझं हलकं करता येतं, हे त्याच्या डोक्यातच आलं नव्हतं.

"मागे जाऊ या," तो म्हणाला.

"उतारावर ब्रेक दाबला की हीच चाकं घसरणार. खालच्या वळणावर सगळेच जाऊ."

मग काबासोने वाळूसाठी एक पत्र्याचा डबा उचलला. एका रुळावर तो, दुसऱ्यावर गार्डाच्या डब्यातून उतरलेला एक उतारू. पेटीतली वाळू मुठीमुठीने रुळावर लावत ते गुडघ्यांवर सरकू लागले. नळीतून न उतरणारी वाळू हाताने मात्र बसत होती. चाकांनी पकड घेतली. त्यांनी जेवढी लावावी तेवढंच इंजिन पुढे यायचं. हाताला लय हवी म्हणून काबासो लुपियांची ओळ म्हणू लागला. मागून म्वान्साची किंकाळी आली की त्याचा हात झपाट्याने चाले.

किती वेळ गेला कोण जाणे. बोटं सोलवटली, गुडघे खडीने फाटले. मग त्याच्या ध्यानात आलं, मागून बराच वेळ काही ऐकू आलेलं नाही. तो गाता गाता थांबला.

गार्डाने लाल निशाण बाहेर काढलं. जेरेने गाडी उभी केली.

चोलाची आई वाघिणींच्या कडेकडेने, खडीवरून चालत आली. डोक्याचं फडकं तिच्या हातात होतं.

"काबासो," ती म्हणाली, "दोघंही गेली. आता गाडीला घाई नाही."

त्याने तिच्याकडे पाहिलं. मग पाठ वळवली, वाळूच्या डब्यात हात घातला आणि पुढच्या रुळावर वाळू लावू लागला.

"थांब रे," जेरे म्हणाला. "काबासो, थांब."

उतारू केव्हाच उठून बाजूला झाला होता. काबासो सरकत राहिला. वरचं स्टेशन अजून सहा किलोमीटर होतं, आणि तो एकाच रुळावर, पातळ, सारखी, कुठे खंड पडू न देता वाळू लावत चालला होता.