हळू आवाजाचे स्पीकर

दुकानदाराने आवाजाचं बटण उजवीकडे फिरवलं आणि दोघांचे हात एकाच वेळी पुढे आले. तिचा उजवा, नवऱ्याचा डावा. रस्त्यात मध्येच धावलेल्या पोराला अडवावं, तसे काउंटरवरच्या त्या वीतभर ॲम्प्लिफायरकडे.

"हळू!" दोघंही म्हणाले.

दुकानदाराने बटण मागे घेतलं. साठीचा, गोल पोटाचा माणूस. चष्मा कपाळावर चढवलेला आणि शर्टाच्या खिशाला पेनाच्या जागी स्क्रू-ड्रायव्हर. त्याने आधी नवऱ्याकडे पाहिलं, मग तिच्याकडे, आणि हसायला लागला.

"असे दचकणारे जगात दोनच. एक चोर, नाहीतर मग तान्ह्या बाळाचे आईबाप. तुम्ही काही चोर दिसत नाही."

"नाही," नवरा म्हणाला. "बाळ आहे घरात."

काचेवर टेकलेला हात उचलायचं ती विसरली.

बाळ घरात नव्हतं. जाऊन अडीच महिने झाले होते. साडेचार महिन्यांचा असताना तापाचं निमित्त झालं आणि तीन दिवसांत होत्याचं नव्हतं झालं. घर मात्र अजून तो झोपलेला असल्यासारखंच चाललं होतं. त्याच्यासाठी काढून ठेवलेली दाराची बेल कुणी परत लावली नव्हती. कुरकुरणारं कपाट दोघंही दार किंचित वर उचलून उघडत. मिक्सर बाथरूममध्ये नेऊन, दार लावून फिरवायचा. रडायचं झालं तरी नळ सोडून. असं कुणी कुणाला सांगितलं नव्हतं. पण ती सवय मोडायची तर दोघांपैकी कुणाला तरी आधी आवाज करावा लागला असता.

आणि हा म्हणतो, आहे घरात. घराचा पत्ता सांगावा इतक्या सहज.

सहज तर तो सगळंच करत होता. दुसऱ्या आठवड्यात ऑफिसला जायला लागला. तिसऱ्या आठवड्यात ती दुपारभर आईकडे गेली होती, तेवढ्यात त्याने बाळाच्या कॉटचे स्क्रू काढले आणि चारही बाजू कपाटामागे उभ्या करून ठेवल्या. "बघवत नव्हतं," एवढंच म्हणाला. गुंड्याचं नाव त्याने त्यानंतर एकदाही घेतलं नव्हतं. नाक शर्टाच्या गुंडीएवढं म्हणून गुंड्या. हे नावही त्यानेच ठेवलं होतं. आणि गेल्या रविवारी चहाचा कप विसळता विसळता म्हणाला, "टेबल आतल्या खोलीत हलवावं म्हणतो. छोटे स्पीकर घेऊ. फार महागातले नकोत. घरात काहीतरी वाजायला हवं."

आतली खोली गुंड्याची होती.

"घे," ती म्हणाली होती.

उद्या तिचा भाऊ गाडी घेऊन तिला न्यायला येणार होता. नवऱ्याला सांगितलं होतं, चार दिवस. भावाला म्हणाली होती, परत कधी ते नंतर बघू. एरवी एका फोनमध्ये दहा प्रश्न विचारणाऱ्या भावाने त्यावर एकही विचारला नव्हता. ज्या माणसाला इतक्या लवकर गाणी ऐकावीशी वाटतात त्याच्याबरोबर एका छपराखाली राहायचं कसं, हे तिला कळेनासं झालं होतं. आज बरोबर आली ती एवढ्यासाठी, की कान तिचा चांगला. लग्नाच्या आधीपासून त्यांची वाटणीच होती. ती ऐकायची, तो वायरी बघायचा. जाण्याआधी एक काम उरकून टाकावं, तशी ती आली होती.

"मग हिशेबच बदलला सगळा," दुकानदार म्हणाला. त्याने काउंटरवरची मोठी जोडी उचलून मागे ठेवली. "हे शेजाऱ्यांशी वैर असणाऱ्यांसाठी. तुम्ही टेबलावर ठेवणार ना? कान किती लांब?"

"हातभर," नवरा म्हणाला.

"मग चार इंची बास झाले. पण एक गंमत सांगतो, वहिनी. आवाज कमी केला की गाण्याचा तळ पहिला जातो. वरचा चिवचिवाट तेवढा राहतो. लोक येऊन स्पीकरला शिव्या देतात. दोष स्पीकरचा नसतो हो, आपल्या कानाचा असतो. हळू आवाजातलं जड काही आपल्या कानाला ऐकूच येत नाही."

त्याने तीन छोट्या जोड्या मांडल्या, मागच्या वायरी एका डबीला जोडल्या आणि डबी तिच्यापुढे सरकवली. डबीवर तीन बटणं होती.

"एक नंबर, दोन नंबर, तीन नंबर. तिन्ही तुमच्या आवाक्यातल्या, किमतीकडे बघू नका. बघूच नका कुठे. डोळे मिटा."

तिने डोळे मिटले. गाणारी बाई होती, आणि तिच्यामागे एक मोठं तंतुवाद्य, खर्जातलं. एक नंबरवर बाई अगदी जवळ आली, पण तिच्या पायाखाली जमीनच नव्हती. दोन नंबरवर सगळं जरा फुगवून सांगितल्यासारखं. ती पुन्हा एकवर आली. ऐकत होती म्हणायचं, एवढंच. डोक्यात नवऱ्याचं ते 'आहे' घणघणत होतं. इथूनच निघून जावं. पर्स उचलावी आणि समोरून मिळेल ती बस धरावी.

"किती महिन्यांचं आहे?" दुकानदाराचा आवाज आला.

तिने डोळे उघडले नाहीत. आता अडकेल, तिला वाटलं. साडेचार म्हणेल. दुसरा आकडा नव्हताच. दवाखान्याच्या कागदावर तोच, शेजारपाजाऱ्यांना सांगितला तो तोच. डोळे घट्ट मिटून ती त्या आकड्याची वाट बघत राहिली.

"सात," नवरा म्हणाला. "बुधवारी झाले सात."

गाणं चालूच होतं. तिने काउंटरच्या खाली अंगठा बोटांच्या पेरांवरून फिरवला. एक पेर, दुसरं, तिसरं. बरोबर होतं. बुधवारीच.

बुधवारी तो जेवला नव्हता. पोट बरं नाही म्हणाला, आणि तिला वाटलं होतं, आला असेल बाहेर काहीतरी चरून.

तिचा गुंड्या साडेचार महिन्यांवर थांबला होता. तिथून त्याला पुढे नेता येत नव्हतं, मागे आणता येत नव्हतं. आणि हा माणूस कुणाला न सांगता, त्याला कडेवर घेऊन, एकटाच सातव्या महिन्यापर्यंत चालत आला होता.

तिने डोळे उघडले. नवरा तिच्याकडे बघत नव्हता. स्पीकरच्या पाठीमागचा लाल स्क्रू पिळत होता. स्क्रू आधीच घट्ट होता.

"सातवा म्हणजे भारी गमतीचा," दुकानदार खुलला. "माझी नात आता आठवीत गेली. सातव्या महिन्यात तिला इथे आणली होती, बसवली काउंटरवर, मी बिल करतोय तोवर हिने एका स्पीकरचा मधला घुमट बोटाने आत दाबला. तो बघा." वरच्या फळीवर एक एकटाच स्पीकर होता. त्याच्या मधोमध बोटाएवढा खळगा. "लोक भाव विचारतात त्याचा. म्हटलं, तो नाही विकायचा. तुमचा बसायला लागला असेल ना?"

नवऱ्याने स्क्रू आणखी पिळला. त्याचे कान लाल झाले होते, खोटं पकडलं गेलेल्या शाळकरी पोराचे होतात तसे. त्याच्याजवळ होतं तेवढं त्याने सांगून टाकलं होतं. दुकानदार हसऱ्या चेहऱ्याने थांबला होता. आणखी क्षणभर गेला असता तर ते हसू तिथेच विझलं असतं.

"आधार दिला की बसतो," ती म्हणाली.

स्क्रूवरची बोटं थांबली.

"मागे उशी लागते. नाहीतर कलंडतो एका अंगाला." तिने हाताने दाखवलं. "आणि मग स्वतःच हसतो."

"गुलाम!" दुकानदार म्हणाला. "झोप कशी?"

"झोपेचं नावच नको. पान पडलं तरी जागा. याची चावी दारात फिरली की उठलाच."

"चावीने नाही हां," नवरा म्हणाला. "मी हळूच फिरवतो चावी. तो आधीच जागा असतो."

"वाट बघत असतो म्हण की मग."

"असतो."

"अहो, भांडण घरी नेऊन करा," दुकानदार म्हणाला. "इथे गाणं चाललंय. तीन नंबर ऐकला का वहिनींनी?"

तिने तिसरं बटण दाबलं. दुकानदाराने आवाज इतका खाली नेला, की बाहेरच्या रस्त्यावरून स्कूटर गेली तेव्हा बाई पुसून गेली आणि स्कूटर पुढे गेल्यावर परत आली. मग त्याने ॲम्प्लिफायरवरचं आणखी एक बारीक बटण आत ढकललं.

"आता ऐका. हळू आवाजात तळ धरून ठेवतं हे. ॲम्प्लिफायर स्वस्तातला आहे, पण याला हे बटण आहे. महागड्यांना नसतं. त्यांना वाटतं, सगळी दुनिया बंगल्यात राहते."

ऐकण्यासाठी पुढे वाकावं लागलं. दोघंही वाकले. अडीच महिन्यांत त्यांची डोकी इतकी जवळ आली नव्हती. नवऱ्याच्या दाढीचे खुंट तिला दिसले, त्यांत दोन-तीन पांढरे, आणि हे कधी झालं ते तिला आठवेना. बाई गात होती. तिच्या खाली कुठेतरी, फार खोल, ते खर्जातलं वाद्य एक एक सूर ठेवत होतं.

"आहे," ती म्हणाली. "खाली आहे."

"येतंय ऐकू?"

"हो. तुला?"

त्याने मान हलवली. हो की नाही ते त्या हलण्यावरून कळलं नाही.

"तीन नंबर द्या, काका," ती म्हणाली.

दुकानदाराने जोडी खोक्यात भरली, ॲम्प्लिफायर वेगळ्या पिशवीत घातला. कुठूनतरी काळ्या कापडाच्या दोन जाळ्या शोधून काढल्या, फुंकर मारून धूळ उडवली.

"या माझ्याकडून. याच्याबरोबर येत नाहीत, पण पुढून लावा. गुलामाच्या बोटांचा भरवसा नाही." आणि पैसे गल्ल्यात टाकता टाकता, "पुढच्या वेळी घेऊन या त्याला."

"येतो, काका," नवरा म्हणाला आणि पायरी बघत बघत खाली उतरला.

बाहेर ऊन होतं. बसथांब्याच्या पत्र्याखाली जेमतेम दोघांपुरती सावली होती, त्यात दोघं उभे राहिले. खोकं त्याच्याकडे, पिशवी तिच्याकडे. दोन बस आल्या नि गेल्या. त्यांतली एक त्यांची होती.

"तोंडातून गेलं," तो शेवटी म्हणाला. "मुद्दाम नाही बोललो. आणि एकदा गेल्यावर परत फिरवता येईना."

तिने पिशवी या हातातून त्या हातात घेतली.

"रोज मोजतोस?"

"मोजत नाही. येतं ते आपोआप. ते ॲप होतं ना आपलं, तू काढून टाकलंस. माझ्या फोनवर राहिलं." तो समोरच्या भिंतीवरच्या जाहिरातीकडे बघत होता. "दर सोमवारी सकाळी येतं. या आठवड्यात तुमचं बाळ, असं."

"आणि तू वाचतोस."

"ऑफिसच्या जिन्यात थांबतो. वाचून झालं की वर जातो."

"काढून का नाही टाकलंस?"

त्याने खोकं छातीशी थोडं वर घेतलं. कडेवरचं मूल घसरायला लागलं की घेतात तसं.

"काढणार होतो. मग वाटलं, आपणही नाही वाचलं तर त्याचं कोण वाचणार?"

तिच्या पर्समध्ये फोन थरथरला. भावाचा निरोप होता. उद्या किती वाजता येऊ? तिने तो वाचला. नवऱ्यालाही पडद्यावरचं नाव दिसलं असावं, कारण तो एकदम दोन पावलं पुढे जाऊन बस येते का ते बघायला लागला. रस्ता रिकामा होता. तरी तो बघत राहिला.

तिने उत्तर लिहिलं नाही. फोन परत ठेवला आणि त्याच्या शेजारी, उन्हात जाऊन उभी राहिली.

"पुढचं दिसतं का रे त्यात?"

"कशात?"

"त्या ॲपमध्ये. पुढच्या आठवड्यांचं. आधी दिसतं का?"

"दिसतं थोडं." तो सावकाश, पाठ केलेलं आठवावं तसा बोलला. "आता दात. खालचे दोन. मग रांगणं. मग टाळ्या."

"टाळ्या कधी?"

"नवव्यात लिहिलंय. आधी नुसते हात लागतात म्हणे एकमेकांना. आवाज येत नाही. आवाज नंतर येतो."

तिने खोक्याच्या एका बाजूला हात लावला. दोघांत मिळून ते फारच हलकं होतं.

"म्हणजे अजून दोन महिने आहेत," ती म्हणाली.