पुढचा डावा दांडा

आमच्या गावात माणसाची किंमत घरावरून करत नाहीत, होडीवरूनही नाही. सणाच्या दिवशी संत रोकाची मूर्ती निघते तेव्हा तुमचा खांदा तिच्या कुठल्या दांड्याखाली असतो, त्यावरून करतात. खांदेकरी आठ. त्यांतला पुढचा डावा सगळ्यांत मानाचा, कारण पाऊल तो ठरवतो आणि बाकीचे सात त्याच्यामागं चालतात. हा दांडा चौतीस वर्षं माझ्या दाजींकडं होता. विस्टिन दाजी, माझ्या बहिणीचे, जुडित्ताचे यजमान.

मागच्या वर्षी बेकरीच्या वळणावर दाजींचा पाय सरकला. मूर्ती हलली, पडली नाही. संतही शांत राहिले आणि पायाशी बसलेलं त्यांचं कुत्रंही. पण बाया किंचाळल्या, आणि ती किंकाळी वर्षभर गावातून काही गेली नाही. यंदा जुलैच्या सुरुवातीला बँड क्लबात कमिटी बसली आणि मिनिकू सेक्रेटरी घसा खाकरून म्हणाला, "विस्टिन, तू एकसष्ट वर्षांचा झालास. आता दांडा क्लेटनला द्यावा, असं सगळ्यांचं मत पडलंय."

क्लेटन म्हणजे दाजींचाच पुतण्या. रोज जिममध्ये जातो, दंड भोपळ्यासारखे.

"सगळ्यांचं म्हणजे कुणाचं?" दाजींनी विचारलं.

सगळे कॉफीच्या पेल्यात बघायला लागले. दाजींच्या अंगात जुना सायकलवाला जागा झाला. तरुणपणी त्यांनी शर्यती मारल्या होत्या, त्यातली एक जिंकलीही होती. टेबलावर मूठ आपटून ते म्हणाले, "मी एका दिवसात सायकलवरून आपल्या अख्ख्या गोझो बेटाला फेरी मारतो! मुख्य रस्त्यानं सुळ्ळकन नव्हे. प्रत्येक खाडीत उतरेन, पुढचं चाक समुद्रात भिजवेन, परत चढेन. पहाटेच्या प्रार्थनेनंतर निघेन आणि संध्याकाळी आठच्या घंटेआधी आपल्या देवळाच्या पायरीवर असेन. आलो तर दांडा माझा. नाही आलो तर क्लेटनला लखलाभ."

आमचे फादर, दुन अल्विज, कोपऱ्यात बसले होते. ते म्हणाले, "विस्टिन, संतानं तुला सायकल मागितलेली नाही."

"फादर, संतानं कमिटीही मागितलेली नाही."

मिनिकूनं कॅलेंडर काढलं. शनिवारी शेतीची कामं, पुढच्या रविवारी आमचाच सण. "मग हा रविवार, तेरा तारीख?" त्यानं विचारलं.

आता खरी गंमत ऐका. तेरा तारखेला वरच्या गावाचा सण होता. वरचं गाव आमच्यापासून हाकेच्या अंतरावर, टेकडीच्या माथ्यावर. त्यांचे संत दोनात. रामलाच्या खाडीकडून घरी यायचं तर रस्ता एकच, आणि तो त्यांच्या चौकातून जातो. सणाच्या संध्याकाळी तो रस्ता बंद असतो, हे आमच्या गावातल्या पाळण्यातल्या पोरालाही ठाऊक. पण आमच्याकडं रीत अशी, की वरच्या गावाला सण असतो हे आपल्याला माहीतच नसतं. त्या दिवशी आम्ही खिडक्या लावून घेतो. त्यांचे फटाके वाजले तर म्हणतो, "ढग गडगडतायत वाटतं." भर उन्हाळ्यात, जुलैत! त्यांच्याकडंही आमच्याबद्दल हीच रीत.

तेव्हा कमिटीत अकरा माणसं बसली होती. अकराच्या अकरा जणांना तेरा तारखेचं माहीत होतं, आणि अकरांतल्या एकाच्याही तोंडून ते निघालं नाही. जो बोलेल त्यानं वरच्या गावाची दखल घेतली असं झालं असतं. मिनिकूनं माझ्याकडं बघितलं. मी फादरांकडं बघितलं. फादर मूळचे समुद्रापलीकडच्या माल्टाचे, त्यांना वाटलं, या लोकांनी काहीतरी विचार केला असेल.

"तेरा," दाजी छाती काढून म्हणाले. "ठरलं."

चाक भिजलं की नाही ते बघायला आणि पाणी पुरवायला मला नेमलं. माझी भाजीची व्हॅन आहे. टोमॅटोचे क्रेट काढले, त्यांच्या जागी बाटल्या ठेवल्या. जुडित्तानं दाजींच्या खिशात जपमाळ घातली आणि माझ्या कानात म्हणाली, "पडले तर उचलून आण. जिवंत असतील तर बरं, मी स्वतः मारीन."

पहाटे पाचला निघालो. मजारच्या बंदरावर पहिल्या बोटीचे लोक उतरत होते. दाजींनी चाक भिजवलं, क्रूसाची खूण केली आणि चढाला लागले. पहिले दोन तास त्यांनी अशी सायकल हाणली की मला वाटलं, कमिटीनं निष्कारण या माणसाची खोडी काढली.

शलेंदीला त्यांचा मावसभाऊ हॉटेलच्या दारातच उभा होता. "विस्टिन! खाल्ल्याशिवाय गेलास तर तोंड बघणार नाही!"

"मला वेळ नाही रे."

"वेळ नाही? आईच्या मयताला तू दोन तास उशिरा आलास, तेव्हा मी काही बोललो का?"

झालं. चीज भरलेल्या खारीसारखी गरम पस्तित्सी आली, मेंढीच्या दुधाचं चीज आलं, वर केपरच्या खारवलेल्या कळ्या. बेटावर चढ माणसाला मारत नाहीत, नातेवाईक मारतात. दवेयराला भाची, सान लॉरेन्झला जुना शेजारी. कुणाच्या घरचं नाकारायचं म्हणजे त्याच्या बायकोच्या हाताला नाव ठेवायचं. दाजी खात होते, रडवेलं हसत होते आणि पुन्हा चढत होते. दवेयराच्या चढावर पाच जर्मन पर्यटक गाणी म्हणत त्यांच्या बाजूनं निघून गेले. त्यांतली एक बाई तर माझ्या आईच्या वयाची होती.

"नार्डू," दाजी धापा टाकत म्हणाले, "ही माणसं आहेत की देवदूत?"

"बॅटरीच्या सायकली आहेत, दाजी."

"मग ठीक आहे," असं म्हणून दाजींनी त्या जर्मनांसाठी मरियामातेची एक प्रार्थना म्हटली. मनापासून म्हटली, की बॅटरी संपावी म्हणून, ते मी विचारलं नाही.

भर दुपारी आर्बच्या देवळात ते प्रार्थनेला म्हणून शिरले. अर्ध्या तासानं मी आत गेलो तर पहिल्या बाकावर प्रार्थना चांगली मोठ्यानं घोरत होती. उठवलं. डोळे चोळत ते म्हणाले, "मी काय मागितलं माहितीय? म्हटलं, देवा, दांडा दे. मग लाज वाटली. चौतीस वर्षं दिलास, आता अजून काय मागू? म्हणून म्हटलं, तुला वाटेल ते कर. पण दे." खरं सांगतो, याहून प्रामाणिक प्रार्थना मी ऐकलेली नाही.

मार्सलफॉर्नच्या मिठागरांशी त्यांच्या पायात गोळा आला. तिथल्या म्हातारीनं त्यांच्या पोटरीला मूठभर मीठ चोळलं आणि म्हणाली, "हे माशाला लावतात, पण चालेल." साडेपाचला रामलाच्या लाल वाळूत शेवटचं चाक भिजलं. आता एक चढ, वरचं गाव, मग घसरगुंडी, की घर. अडीच तास हातात. दाजींच्या चेहऱ्यावर पहिल्यांदा हसू आलं.

चढ संपता संपता सव्वासहाला बँड ऐकू आला.

"ढग गडगडतायत," मी म्हणालो.

"नार्डू, गाढवपणा बास कर," दाजी म्हणाले.

चौक माणसांनी गच्च भरला होता. बाल्कन्यांतून कागदाचे कपटे उडत होते. रस्त्याच्या मधोमध, अगदी वाटेवर, संत दोनाताची मूर्ती टेकूंवर उभी, आणि मिरवणूक ठप्प. मूर्तीला ओलांडून कुणी जात नाही. सायकल तर नाहीच. मी व्हॅन सोडून पुढं घुसलो. पुढचा डावा खांदेकरी पायरीवर बसला होता, गुडघा टरारून सुजलेला. स्पिरू. वरच्या क्लबाचा अध्यक्ष, दाजींच्या वयाचा, आणि चाळीस वर्षांचा त्यांचा वैरी. त्याच्याभोवती त्यांची कमिटी एकमेकांवर ओरडत होती. बदली माणसं दोन होती. एक चार बोटं उंच, दुसरा वीतभर बुटका. उंची जुळली नाही तर मूर्ती कलते, आणि कललेल्या संताला कुणी घरी नेत नाही.

स्पिरूची नजर दाजींवर गेली. घामानं निथळलेले, अंगावर मिठाचे पांढरे डाग, हातात सायकल.

"हा कुठनं उगवला?" स्पिरू म्हणाला. "रोकाचं कुत्रं वाट चुकलं वाटतं."

"रस्ता द्या. मला आठच्या आत घरी पोचायचंय."

"संताला सांग, बाजूला हो म्हणून."

"तुझा पाय नीट असता तर एव्हाना संत देवळात असता!"

स्पिरूनं दाजींना डोक्यापासून पायापर्यंत मापलं. चौतीस वर्षं दोघं शेजारच्या गावांत तोच पुढचा डावा दांडा धरत होते. उंचीही सारखीच निघाली. शेवटी तो हळूच म्हणाला, "विस्टिन, मागं म्हाताऱ्या बायका तीन तास उभ्या आहेत."

दाजींनी घड्याळ बघितलं. मग देवळाकडं बघितलं. तीनशे पावलं असतील. ती संपल्याशिवाय रस्ता मोकळा होणार नव्हता, आणि ती दाजींशिवाय संपणार नव्हती. त्यांनी सायकल माझ्याकडं दिली. कुणीतरी त्यांच्या घामट बनियनवरून पांढरा झगा चढवला. दाजी वाकले आणि दांड्याखाली गेले.

"पाऊल," दाजी म्हणाले, आणि संत दोनात चालायला लागले.

मला वाटलं होतं, वीस मिनिटांत काम होईल. पण वरच्या गावाला घाई माहीत नाही. दहा पावलं, की थांबा. गाणं. फटाके. पुन्हा दहा पावलं. बँडवाल्यांना तर आमच्या माणसाला जास्तीत जास्त वेळ आपल्या संताखाली ठेवण्यात वेगळीच गोडी लागली होती. सात वाजले. साडेसात झाले. दाजींचं पाऊल मात्र चुकत नव्हतं. देवळाच्या पायऱ्या चाळीस हातांवर असताना खालून, आमच्या गावातून, घंटा वाजली. आठची. आमची घंटा मी हजारांत ओळखीन.

दाजींनीही ओळखली. त्यांचे डोळे मिटले. तिथंच दांडा टाकून पळाले असते तरी उपयोग नव्हता. आणि मूर्ती मध्येच टाकणारा माणूस आमच्या बेटावर अजून जन्माला यायचाय.

"पाऊल," ते म्हणाले.

रात्री आम्ही गावात शिरलो तेव्हा सगळ्या खिडक्या बंद होत्या आणि प्रत्येक खिडकीमागच्या माणसाला सगळं माहीत होतं. पायरीवर दुन अल्विज एकटे बसले होते. दाजी म्हणाले, "फादर, हरलो."

"पडला नाहीस ना?"

"नाही."

"मग जेव जा."

दुसऱ्या दिवशी क्लबात नुसता धुरळा. मिनिकू म्हणाला, "उशिरा आला असता तर माफ केलं असतं. पण त्यांच्या संताखाली? आणि आपल्या सणाच्या आठवडाभर आधी?" क्लेटन बिचारा म्हणत होता, "काका, मला नको तो दांडा." पण त्याचं कोण ऐकतो? दाजी उभे राहून म्हणाले, "बोललो होतो तसं करा. दांडा क्लेटनला." आणि खाली बसले. दारात उभ्या बहिणीकडं मी बघू शकलो नाही.

बुधवारी वरच्या गावाहून पत्र आलं. क्लबाच्या शिक्क्याचं, स्पिरूच्या सहीचं. मिनिकूनं कमिटीपुढं मोठ्यानं वाचलं: "आपल्याकडे श्री. विस्टिन यांना काम उरले नसल्याचे समजले. आमच्याकडे पुढील वर्षापासून पुढचा डावा दांडा रिकामा आहे. त्यांची उंची आमच्या मापात बसते. आपली हरकत नसावी."

मिनिकूच्या मानेपासून कानापर्यंत लाली चढली. "हरकत नसावी? आमचा माणूस पळवता काय?"

"चौतीस वर्षं आम्ही घडवला त्याला!" दुसरा ओरडला. सोमवारी याच माणसानं दाजींना फितूर म्हटलं होतं.

"एक मिनिट," दाजी म्हणाले, "मी पैज हरलो..."

"तू गप रे! तुला काय कळतंय?"

पाच मिनिटांत ठराव झाला. विस्टिन यांचा पुढचा डावा दांडा हयातभर कायम. दाजींनी दोनदा आठवण करून दिली की आपण उशिरा आलो होतो. दोन्ही वेळा त्यांना खाली बसवण्यात आलं. दुन अल्विज छताकडं बघत होते. बहुधा तिथं कुणाशी तरी बोलत असावेत. ज्या माणसाला भक्तीनं दांडा मिळाला नाही, ताकदीनं मिळाला नाही, बेट पालथं घालूनही मिळाला नाही, त्याला तो शेजाऱ्यानं मागणी घातल्यावर मिळाला. देवाचे मार्ग आपल्याला कळत नाहीत म्हणतात. आमच्या गावात ते बऱ्याचदा कमिटीतून जातात, म्हणूनही कळत नसतील.

गुरुवारी दाजी मला घेऊन वर गेले. स्पिरू अंगणात पाय खुर्चीवर ठेवून बसला होता.

"आभार मानायला आलो," दाजी म्हणाले. "पत्राची युक्ती चांगली होती."

"युक्ती?" स्पिरू भडकला. "कसली युक्ती? मला खरंच माणूस हवा होता! डॉक्टर म्हणतो, गुडघा गेला. पोरगा मेलबर्नला. दांडा द्यायचा कुणाला? त्या ताडमाड उंच बदलीला? आणि तुमच्या मूर्ख कमिटीनं ऐन वेळी तुला ठेवून घेतलं!"

दाजी उभेच राहिले. मग न विचारता दुसरी खुर्ची ओढून बसले. स्पिरूच्या बायकोनं वाईन आणली आणि मला घेऊन आत गेली, म्हणून पुढचं मी ऐकलं नाही.

आमच्या सणाला मूर्ती देवळाच्या दारात आली तेव्हा चौकात एकदम कुजबुज उठली. स्पिरू आला होता. काठी टेकत, भर चौकातून, आमच्या माणसांमधून. वरच्या गावचा माणूस आमच्या सणाला माझ्या जन्मात मी बघितला नव्हता. लोकांनी नकळत वाट दिली. तो पुढच्या डाव्या दांड्याजवळ येऊन थांबला आणि दाजींच्या पायांकडं बघत राहिला.

"डावा पाय आत टाकतोस," तो म्हणाला. "म्हणून घसरतोस."

"चाळीस वर्षं लागली का हे सांगायला?"

"विचारलंस कधी?"

दाजींनी डावं पाऊल बोटभर बाहेर ठेवलं. स्पिरूनं मान हलवली, अजून थोडं. दाजींनी अजून थोडं सरकवलं. मागचे सात खांदेकरी ताटकळले होते, बँडमास्तर हात वर धरून उभा होता.

"आता?" दाजींनी विचारलं.

"आता चल," स्पिरू म्हणाला.