चार शतांशांचा फरक

प्रयोगशाळेतल्या त्या यंत्राला सगळे ‘पाहुणी’ म्हणत. समुद्राच्या एक किलो पाण्यात मीठ किती, हे ती अचूक सांगे. चार वर्षांपूर्वी दोन देशांच्या सरकारांमध्ये संशोधन करार झाला, तेव्हा समुद्रापलीकडच्या देशाने ती वापरायला दिली होती. करार संपला की परत पाठवायची, म्हणून तिची लाकडी पेटीही जपून ठेवलेली, आणि तीही व्हरांड्याच्या मधोमध. एका भिंतीवर आग विझवायचं नळकांडं होतं, दुसरीवर सूचनाफलक. दोन्हींपुढे काही ठेवायला मनाई होती. पेटीच्या दोन्ही बाजूंनी जेमतेम एक माणूस जाईल एवढी वाट उरे.

पाहुणी सांभाळणाऱ्या संशोधिकेला, म्हणजे बाईंना, गेला आठवडाभर त्या पेटीकडे पाहवत नव्हतं. करार आज संपत होता.

तो वाढवायची अट साधीच होती. एकाच ठिकाणचं पाणी दोन्ही देशांत मोजायचं आणि उत्तरांत ग्रॅमच्या एका शतांशाहून जास्त फरक येऊ द्यायचा नाही. फरक येत होता चार शतांशांचा. दर वर्षी, अगदी न चुकता, चारच.

“समुद्र एकच आहे ना?” सकाळी डबा भरताना आईने विचारलं होतं.

“एकच आहे.”

“मीठही तेच?”

“तेच गं.”

“मग दोन सरकारं मिळून चार वर्षं करताय तरी काय? मी भाजीतलं मीठ एका घासात सांगते.”

“तुझ्या भाजीवर दुसऱ्या देशाची सही लागत नाही, आई.”

“लागली असती तर तुम्ही उपाशी राहिला असता,” म्हणत आईने डब्याचं झाकण दाबलं.

बाई प्रयोगशाळेत पोचल्या तर तीस वर्षं नोकरी झालेले शिपाई मामा ओल्या फडक्याने पेटी पुसत होते.

“जायचीच असेल तर मळकी नको जायला, बाई.”

“शुभ बोला हो मामा, सकाळी सकाळी.”

बैठक अकराला होती. पावणेअकराला बाई फाइल घेऊन निघाल्या, तेव्हा समोरून पलीकडच्या देशाचे प्राध्यापक आले. उंच, किडकिडीत आणि इतके सभ्य, की दार जोराने लागलं तर दाराची माफी मागतील. पेटीच्या डावीकडे दोघं समोरासमोर आले.

“माफ करा, मी त्या बाजूने जातो,” प्राध्यापक म्हणाले.

“नाही नाही, मीच जाते.”

दोघं मागे फिरले, पेटीला वळसा घातला आणि पलीकडच्या वाटेत पुन्हा समोरासमोर. पुन्हा माफी, पुन्हा वळसा. तिसऱ्या खेपेला मामांना राहवलं नाही.

“अहो, एकाने तरी जागेवर उभं राहा! दोघंही हललात तर संध्याकाळपर्यंत हेच चालेल.”

बाई उभ्या राहिल्या. मग त्यांनी तिथेच, पेटीवर, फाइल उघडली. पहिल्या वर्षी आपलं उत्तर चार शतांश जास्त. दुसऱ्या वर्षी चार कमी. तिसऱ्या वर्षी जास्त, यंदा कमी.

“सर, पहिल्या वर्षानंतर तुम्ही नेमकी काय दुरुस्ती केलीत?”

अहवालात दोन्हीकडून एकच वाक्य जायचं: ‘आवश्यक ती दुरुस्ती करण्यात आली आहे.’ याहून एक शब्द जास्त लिहायचा तर मंत्रालयाची परवानगी लागे आणि ती यायला सात महिने.

प्राध्यापकांचे कान लाल झाले. “कुणाला सांगणार नसाल तर सांगतो. आमचंच प्रमाण पाणी चुकलं असावं, असं वाटलं.” प्रमाण पाणी म्हणजे ज्यातलं मीठ आधीच ठाऊक आहे, असं सीलबंद बाटलीतलं पाणी, घड्याळ लावतात तसं त्यावर यंत्र लावून घेतल्याशिवाय मोजणी होत नाही. “तुम्ही भेट म्हणून पाठवलेली बाटली उघडली आणि तिच्यावर यंत्र लावलं.”

“आणि आम्ही तुमची उघडली,” बाई म्हणाल्या.

“अरे देवा. मग तिसऱ्या वर्षी?”

“आम्ही गुपचूप आमच्या बाटलीवर परत आलो.”

“आम्हीही! आणि यंदा पुन्हा तुमच्या.”

“आम्ही तुमच्या. मामा, आपल्या पाण्याची बाटली काढा!”

त्यांनी पाहुणीला घरच्याच पाण्यावर लावलं आणि यंदाचे नमुने पुन्हा मोजले. प्राध्यापक आपल्या उत्तरांचा कागद धरून शेजारी उभे होते. पहिला नमुना जुळला. दुसरा जुळला. तिसऱ्यात अर्ध्या शतांशाचा फरक आला आणि बाईंना तो अर्धा शतांश फार गोड वाटला. फरक अगदीच नसता तर त्यांचा विश्वास बसला नसता.

बैठकीत पोचायला अर्धा तास उशीर झाला. आत दोन्ही देशांचे सचिव ‘दुरुस्ती आम्हीच करू’ म्हणत एकमेकांना आग्रह करत होते.

“दुरुस्तीच नको,” बाई म्हणाल्या. “बाटली कुणाचीही चालेल, पण दोघांनी एकच वापरायची. यंदा त्यांनी आमची वापरली आहे. एकाने बदल केला नाही की पुरे.”

“मग बदल न करण्याचा मान पाहुण्यांचा,” इकडचे सचिव लगेच म्हणाले.

“छे छे, मान यजमानांचा!”

“तुम्ही दुरून आलात.”

“तुमचा समुद्रकिनारा लांब आहे.”

घड्याळात साडेबारा झाले. प्राध्यापक पुन्हा माफी मागायच्या बेतात दिसले. बाईंनी आयुष्यात पहिल्यांदा बैठकीत टेबलावर हात आपटला, फार जोरात नाही.

“आम्ही हलणार नाही! आमची बाटली, आमच्याकडेही आणि तुमच्याकडेही. लिहा.”

मग इकडच्या सचिवांनी पेनाचं टोपण काढलं. “‘यजमान देशाने चार वर्षं कोणताही बदल करू नये.’ तीस वर्षांच्या नोकरीत असं कलम पहिल्यांदाच लिहितोय. पाळायला मात्र आमचं खातं एकदम तयार आहे.”

सह्या झाल्या. जाताना प्राध्यापक पेटीपाशी थबकले. समोर बाई होत्या.

“मी इथेच उभी आहे, सर. तुम्ही या.”

प्राध्यापक डावीकडून निघाले, धक्का न लागता पार झाले आणि पलीकडे गेल्यावर सवयीने माफी मागून मोकळे झाले.

“पेटी माळ्यावर टाकू का आता?” मामांनी विचारलं.

बाईंनी हातातला चहाचा कप पेटीवर ठेवला.

“राहू द्या, मामा. आपण काही बदलायचं नाही असं ठरलंय.”