ग्रहाची वाट

मावशीचा पाय मोडला तो उभ्या अँब्युलन्समधून उतरताना. सव्वीस वर्षं तिने ती गाडी गल्लीबोळांतून हाकली, कुणाच्या गाडीला साधा ओरखडा काढला नाही, आणि शेवटी पायरीवरून घसरली. डॉक्टरांनी सहा आठवड्यांचं प्लास्टर घातलं. तिचं घर चौथ्या मजल्यावर, लिफ्टचा पत्ता नाही, म्हणून भाचीने तिला आपल्याकडे आणलं. भाचीची जागा पहिल्या मजल्यावर होती. खाली लाँड्री, त्यामुळे फरशी दिवसभर कोमट असायची.

त्या दोन खोल्यांत भाची राहायची कमी आणि काम जास्त करायची. तीन वर्षं ती आणि तिचा कॉलेजातला मित्र मिळून अंतराळातला एक कॉम्प्युटर गेम बनवत होते. दोघंच, मागे कुठली कंपनी नाही. कोड भाची लिहायची. ग्रह, तारे, यानं मित्र काढायचा, म्हणून त्याला सगळे रंगारी म्हणत. छोटं मालवाहू यान घेऊन एका ग्रहावरचं सामान दुसऱ्या ग्रहावर पोचवायचं, असा साधा खेळ. गेम पुरा व्हायच्या आधीच चाळीसेक जण तो खेळून चुका कळवत होते. दर शुक्रवारी भाची त्यांना आठवड्याचा हालहवाल पाठवायची, आणि गेले पाच शुक्रवार त्यात तीच ओळ होती: नकाशाचं काम चालू आहे.

नकाशा तसा देखणा होता. रंगारीने चार महिने खपून त्यात धुळीचे जांभळे ढग भरले होते. माउसने जरा ढकलला की अख्खं आकाश गर्रकन फिरायचं. अडचण एवढीच, की ते फिरून थांबल्यावर आपण कुठे आहोत हे कुणालाच कळत नव्हतं. नकाशा उघडला की मळमळतं, असं एकाने कळवलं, तेव्हा रंगारी दोन दिवस घुश्श्यात होता.

मावशीला तिसऱ्याच दिवशी घर खायला उठलं. सगळी मासिकं वाचून झाली, लाँड्रीवाल्याच्या घरचं सगळं खिडकीतून ऐकून झालं. मग तिने गेम मागितला. भाचीने बटणं समजावून दिली आणि आपल्या कामाला लागली. मावशीने सुरुवातीला दोन यानं फोडली, पण यान हातात बसल्यावर ती झोकात चालवू लागली. आठवडाभराने भाचीच्या लक्षात आलं की मावशी नकाशा उघडतच नाही. तरी तिची एकही खेप चुकत नव्हती.

गुपित रंगारीला सापडलं. एक्स-रेच्या मोठ्या पाकिटाच्या पाठीवर मावशीने बॉलपेनने स्वतःचा नकाशा काढला होता. वाकड्यातिकड्या रेघा, बाण, आणि जागोजागी नोंदी: इथे पंप. इथे दगड फार, डावीकडून जा. इकडे फिरकू नये. ग्रहांना तिने आपली नावं दिली होती. रंगारीने अकरा दिवस घालवून रंगवलेल्या ग्रहापुढे लिहिलं होतं, "सडका बटाटा".

"बटाटा का, मावशी?" त्याने पडेल आवाजात विचारलं.

"अरे, तुमचं ते नाव मला आठवत नाही. बटाटा आठवतो."

भाचीने ते पाकीट घेऊन त्यावरच्या रेघांवरून बोट फिरवलं. मग म्हणाली की नकाशा सपाट करू या, आणि खेळणाऱ्याला त्यावर हवं ते लिहू देऊ या. म्हणजे फिरणं बंद, आणि ढगही जाणार. रंगारीने आपला कप विसळला, पुसला, जागेवर ठेवला.

"चार महिने गेले माझे," तो म्हणाला.

"माझेही."

तो त्या दिवशी लवकर घरी गेला. भाचीला वाटलं, आता हा काही येत नाही. पण सकाळी तो बारक्या खुणांची वही घेऊनच आला: पंप, दगड, धोका, विश्रांती. ढग मागे फिकट का होईना राहतील, एवढीच त्याची अट होती. तिने ती मान्य केली. नऊ दिवसांत नकाशा उभा राहिला, आणि शुक्रवारी दुपारी चाळीस जणांना जाऊन पोचला.

मावशीला तो दोन दिवस आधीच मिळाला होता. तिने बटाट्यावर पंपाची खूण केली आणि लांबच्या खेपांना निघाली. त्या शुक्रवारी चारच्या सुमारास ती तळाला गेलेली इंधनाची टाकी घेऊन खुणेपाशी परतली. खूण जागेवर होती. बटाटा नव्हता.

भाचीने पडद्याकडे पाहिलं आणि डोक्याला हात लावला. ग्रह सूर्याभोवती हळूहळू फिरत होते, जवळच्या खेपांत ते जाणवत नव्हतं, आणि तिने खूण ग्रहाला न चिकटवता त्या रिकाम्या जागेला चिकटवली होती. आता चाळीस जणांचे पंप असेच हरवणार होते. शरमेने तिचे कान तापले. लगेच दुरुस्तीला बसत तिने मावशीला सांगितलं की हा डाव सोड आणि मागच्या आठवड्यात साठवलेल्या डावापासून खेळ. मावशी ढिम्म हलली नाही.

"हा बटाटा गोल फिरतो ना?"

"हो."

"त्याच वाटेने?"

"हो, मावशी."

"मग येईल की परत."

भाचीचे हात थांबले. गेम तिचा, ग्रहांच्या कक्षा तिने आखलेल्या, पण इथे नुसतं थांबूनही काम होतं हे तिच्या डोक्यात कधी आलं नव्हतं. तिने हिशोब केला: अजून दीड तास. मावशी म्हणाली, दीड तास म्हणजे काहीच नाही, दवाखान्यांच्या दारात याहून कितीतरी जास्त थांबले आहे. तिने प्लास्टरचा पाय स्टुलावर ठेवला आणि चहा मागितला.

भाची चूक दुरुस्त करत राहिली. खालून इस्त्रीच्या वाफेचा फुसफुस आवाज येत होता. साडेपाचला पडद्याच्या कोपऱ्यात एक ठिपका उगवला. रंगारी खुर्ची ओढून जवळ आला. ठिपका वाढत गेला, त्याला कड आली, कडेवर ऊन आलं. खेळणारा नेहमी ग्रहाकडे जायचा. ग्रह आपल्याकडे चालत येताना रंगारीने तीन वर्षांत एकदाही पाहिला नव्हता. तळाशी उरलेल्या थेंबावर मावशीने यान जरा बाजूला घेतलं, ग्रहाला पुढे येऊ दिलं आणि पंपाला अलगद लावलं.

"बघ, आला," ती म्हणाली.

खुणा ग्रहांबरोबर फिरू लागल्या, ही दुरुस्ती त्याच संध्याकाळी गेली. पुढची गोष्ट रंगारीने सुचवली: नकाशात प्रत्येक ग्रहाची वाट तुटक रेघेने दाखवायची आणि तो इथे परत कधी येईल तेही लिहायचं. रेघा नीट दिसेनात, तेव्हा उरलेले ढग त्याने आपल्याच हाताने पुसले. भाची म्हणाली, राहू दे थोडे. त्याने ऐकलं नाही.

पुढच्या शुक्रवारी भाचीने आपली चूक आहे तशी लिहून टाकली. उत्तरं बरीच आली. काही जण चिडले होते, दोघांनी गेम काढून टाकला होता. पण एकीने लिहिलं की तिचंही यान असंच अडकलं, तिने तोवर कपडे वाळत घातले, आणि परत येऊन पाहते तर ग्रह समोर उभा. तिला म्हणे गेमभर एवढा आनंद कशाचाच झाला नव्हता. रंगारीने ते पत्र मावशीला दोनदा वाचून दाखवलं.

प्लास्टर निघाल्यावर मावशी कामावर रुजू झाली. जाताना गेमबद्दल तिची एकच तक्रार होती: यानाला हॉर्न नाही. अंतराळात आवाज जात नाही, हे भाचीने तिला परोपरीने समजावलं. मावशीने सगळं शांतपणे ऐकून घेतलं आणि विचारलं, मग बसवणार कधी?