भोंगा क्रेनवर चढली त्याची गोष्ट

शप्पथ घेऊन सांगते, ह्यातला शब्दन् शब्द खरा आहे. खोटं निघालं तर माझे उरलेसुरले दातही पडू देत.

लोखंड ओतायच्या एका कारखान्यात एक बाई होती. आवाज इतका खणखणीत की सगळे तिला भोंगाच म्हणायचे. क्रेनखाली उभं राहून वरच्या माणसाला हाताने खुणा करायचं तिचं काम. डावीकडे घे, सोड, थांब. वर काचेच्या खोलीत मामा बसायचे, अख्ख्या कारखान्याचे मामा. पगार भोंगाच्या दुप्पट, पंखा वेगळा. जेवणाच्या सुट्टीत त्यांच्याशी गोड बोलून ती क्रेनचा लोखंडी आकडा रिकामाच खालीवर करायला शिकली होती. त्या खुर्चीवर तिचा कधीपासून डोळा होता.

मामा रिटायर व्हायला आले. तिथली रीत अशी, की जाणारा क्रेनवाला खुर्चीवरची गादी ज्याच्या हातात देईल, तो पुढचा क्रेनवाला. गादी आजवर कधी भावाकडे गेली, कधी मेव्हण्याकडे. आता मामांचा भाचा बाह्या सरसावून बसला होता.

भोंगा तडक मॅनेजरसाहेबांकडे गेली. म्हणाली, गादी गेली खड्ड्यात, परीक्षा घ्या. साहेबांनी सबबींची रांगच लावली. शिडी उंच आहे, बायकांना चक्कर येते, एकटीसाठी कुठे परीक्षा घ्यायची? शेवटी तिला वाटेला लावायला म्हणाले, "दहा बायकांचे अर्ज आण, मग बघू."

साहेबांना वाटलं, ब्याद टळली. भोंगा गेली साचे करणाऱ्या बायकांच्या खोलीत.

"मला स्टुलावर चढलं तरी गरगरतं गं," एक जाडजूड बाई म्हणाली.

"तू नको चढूस. पण उद्या तुझी पोरगी इथे लागली, तर तिनेही जन्मभर मातीच चाळायची का?"

दुसऱ्या दिवशी साहेबांच्या टेबलावर अर्जांचा ढीग. सगळ्यात वरचा अर्ज त्या गरगरणारीचा. साहेब आपल्याच शब्दात अडकले.

परीक्षा सगळ्यांना एकच. पिंपावर अर्धी उघडी काडेपेटी, ती आकड्याच्या टोकाने बंद करायची. भाच्याने पेटीचा पार चेंदामेंदा केला. मग भोंगा शिडी चढली. खाली खुणा करायला कोण? मामाच उभे राहिले. आयुष्य वर गेलेलं, खुणा नुसत्या बघितलेल्या, करायच्या कुठून जमणार? पाहुण्यांना निरोप दिल्यासारखे हात हलवत होते.

"मामा, हात खाली घ्या," वरून भोंगा गरजली, "मला दिसतंय."

आकडा अलगद उतरला, पेटीला टेकला आणि पेटी गपकन मिटली. वर जाता जाता त्याने साहेबांच्या नाकावरचा चष्मा उचलून भिंतीच्या खिळ्याला टांगला. बायकांनी हातोड्यांनी पिंपं बडवली. भाच्याचं तोंड एवढंसं झालं, पण मामांनी स्वतः शिडी चढून गादी तिच्या खुर्चीवर टाकली. तेव्हापासून तिथलं प्रत्येक काम परीक्षेनेच मिळतं, आणि भोंगाच्या हाताखाली आणखी दोघी क्रेन शिकतात. गरगरणारीही शिडीच्या चौथ्या पायरीपर्यंत पोचलीय.

बरं बाई, चष्म्याचं तेवढं मी घुसडलं. तो साहेबांनी आपल्याच हाताने काढला होता, घाम पुसायला.