फडक्यात गेलेली खरखर

ऐका, मी चक्री बोलतेय. जहाजाला पाण्यात ढकलणारा अवाढव्य पंखा असतो ना, त्याची मी वीतभर पितळी नक्कल. नक्कल म्हणून नाक मुरडू नका. आधी मला काचेच्या हौदात फिरवून बघतात, मग मोठा ओततात. माझं चुकलं की त्याचं चुकलं.

कारागिराने मला आरशासारखी घडवली. पण नुसत्या देखणेपणावर संसार होत नाही. माझ्यासारख्या लहान, गुळगुळीत पात्यावरून पाणी लबाडासारखं सरकतं, बुडबुडे दडून बसतात. मोठ्या पंख्यावर तेच उठतात, फुटतात आणि धातू कुरतडून खातात. म्हणून चाचणीवाल्या बाईंनी माझ्या पात्यांच्या कडेला खरखरीत बारीक कण चिकटवले. मग मी खरं बोलले. हौदात नुसता फेस!

बाई लगेच जहाज बांधणाऱ्या मोठ्या साहेबांकडे धावल्या. "साहेब, आकार बदला. हा पंखा स्वतःलाच खाईल."

"उद्या पाहुण्यांसमोर दाखवा. डोळ्यांनी बघितल्याशिवाय मी बदलणार नाही."

आज सकाळी पुसणारी मावशी आली. जीव लावणारी बाई. माझा मोठा पंखा ज्या जहाजाला बसणार, त्याच्याच इंजिनखोलीत तिचा धाकटा भाऊ कामाला लागणार, म्हणून तर जास्तच माया.

"अगं बाई, हे काय कचकच लागलंय तुला! पाहुण्यांसमोर अशी जाणार?"

मी ओरडले. पितळेचं ओरडणं कुणाला ऐकू जातं? घासघास घासलं. कण न् कण फडक्यात गेला.

आता मी हौदात गरगर फिरतेय. पाणी स्वच्छ. एक बुडबुडा नाही.

"कुठायत हो तुमचे बुडबुडे?" साहेब हसतायत. "रात्री स्वप्नात आले होते काय?"

बाईंचं तोंड उतरलंय. "काल होते, साहेब. देवाशपथ होते."

"पुरे. मोठा पंखा ओतायला घ्या."

अहो बाई, रडताय काय! मला बाहेर काढा, कडेवरून बोट फिरवा! आणि मावशी, तू दारात उभी राहून टाळ्या कसल्या वाजवतेस? तुझा भाऊ त्या पंख्याच्या भरवशावर भर समुद्रात जाणार आहे गं. खांद्यावरचं ते फडकं झटक. इथे, या पांढऱ्या फरशीवर, सगळ्यांसमोर झटक. माझी जीभ त्यात अडकलीय.